मदत हात धरून की लांबून?

पत्र: मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीस मिनिटांच्या सेमिनारसाठी 'जन्मजात वळणाच्या टी पेशी बी पेशींना अँटीबॉडी बनवायला कशी मदत करतात' हा विषय हौसेने घेतला आणि आता झोप उडाली आहे. पुस्तकात लिहिलंय की मदतनीस टी पेशीला प्रथिनाचा तुकडा दिसतो. एनकेटी पेशींना (जन्मजात वळणाच्या टी पेशींची एक जमात) तर मेद दिसतो. मग प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीला त्या मदत करतात म्हणजे काय करतात? एक पेपर म्हणतो बी पेशीवर सीडी१डी (मेद मांडून दाखवणारा रेणू) लागतंच, दुसरा म्हणतो लागत नाही. एक म्हणतो स्मृती राहत नाही, दुसरा म्हणतो राहते. विभागातले सर म्हणाले, "हे सगळं उंदरातलं आहे, सरळ टीएफएच (बी पेशींच्या नेहमीच्या मदतनीस टी पेशी) घे आणि मोकळी हो." विषय बदलू का? पुढे यातच पीएचडी करावी का? आणि बाबा विचारतात याचा उपयोग काय, तर काय सांगू? — गोंधळलेली, लातूर

उत्तर:

विषय बदलू नकोस. दोन पेपर एकमेकांशी भांडताहेत हे तुला स्वतःला दिसलं, म्हणजे तू ते नीट वाचले आहेस. बरेच जण सारांशाच्या शेवटच्या ओळीवर सेमिनार उरकतात, त्यांना असला गोंधळ कधी होतच नाही.

तुझ्या जवळपास सगळ्या प्रश्नांची किल्ली एकच आहे. कुठलाही प्रयोग वाचताना विचार: ही मदत त्या बी पेशीचा हात धरून केलेली आहे, की लांबून? म्हणजे मदतनीस पेशीने त्याच बी पेशीच्या अंगावर आपला प्रतिजन, म्हणजे ती ओळखते तो पदार्थ, पाहिला, की तो तिसऱ्याच पेशीवर पाहिला आणि फायदा बी पेशीपर्यंत पोचला? एवढं ठरवलंस की ते दोन पेपर भांडायचे थांबतात.

आधी जुनं सूत्र पक्कं करू, कारण नवीन सगळं त्याच्यावरच उभं आहे. १९६८ मध्ये मेलबर्नला जाक मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी उंदरांत दाखवलं की अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, पण थायमसमधून आलेल्या पेशी सोबत नसतील तर त्यांचं काम अडतं. पुढे १९७१ मध्ये एव्रियन मिचिसन यांच्या प्रयोगांतून एक अट स्पष्ट झाली: बी पेशी ओळखते तो भाग आणि टी पेशी ओळखते तो भाग, हे दोन्ही एकमेकांना जोडलेले हवेत. डबा इंजिनाला जोडलेला हवा, शेजारच्या रुळावर उभा असून भागत नाही. असं का, याचं नेमकं उत्तर अंतोनियो लान्झावेक्किया यांनी १९८५ मध्ये दिलं. बी पेशी आपल्या ग्राहीने प्रतिजन पकडते, गिळते, आत त्याचे तुकडे करते आणि त्यातला प्रथिनाचा तुकडा एमएचसी वर्ग दोनच्या रेणूवर ठेवून टी पेशीला दाखवते. टी पेशीला तो पटला तर ती सीडी४० लायगँड हा आपल्या अंगावरचा रेणू पुढे करते, आयएल-२१ आणि आयएल-४ ही संदेश देणारी प्रथिनं सोडते, आणि बी पेशी कामाला लागते. सीडी४० लायगँडच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांमध्ये आयजीएम या वर्गाच्या अँटीबॉडी बनतात, पण आयजीजी आणि आयजीए हे वर्ग नीट बनत नाहीत. या एका हस्तांदोलनावर किती अवलंबून आहे ते त्यावरून कळतं.

म्हणजे बी पेशी जे ओळखते तेच टी पेशीने ओळखायला हवं असं मुळातच नाही. दोघी एकाच वस्तूचे वेगवेगळे भाग पाहतात. बाबांना उदाहरण हवं असेल तर टायफॉइडची लस सांग. टायफॉइडच्या जंतूभोवती 'व्हीआय' नावाचं साखरेचं कवच असतं. साखर टी पेशीला दिसत नाही, त्यामुळे नुसत्या कवचाची लस अगदी लहान मुलांत चालत नाही. तीच साखर टिटॅनस टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडली की साखर ओळखणारी बी पेशी सगळं एकत्र गिळते, टी पेशीला टॉक्सॉइडचा तुकडा दाखवते आणि बदल्यात साखरेविरुद्ध अँटीबॉडी बनवायला मदत मिळवते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना अशीच जोड-लस द्यायला सुरुवात केली. सरकारी लसीकरणात ती देण्याची जगातली ती पहिलीच मोहीम होती.

आता तुझा पहिला प्रश्न. या सूत्रातला प्रथिनाचा तुकडा काढ, तिथे मेद ठेव. एमएचसी काढ, तिथे सीडी१डी ठेव. टीएफएच काढ, तिथे इनव्हेरियंट एनकेटी ठेव. गणित तेच राहतं. इनव्हेरियंट एनकेटी पेशींचा ग्राही जवळजवळ एकाच साच्याचा असतो: माणसात व्ही-अल्फा-२४ ला जे-अल्फा-१८ जोडलेला, उंदरात व्ही-अल्फा-१४ ला जे-अल्फा-१८. लाखो वेगवेगळे ग्राही बाळगण्याऐवजी त्या एका प्रकारच्या खुणेवर लक्ष ठेवतात आणि खूण दिसताच काही तासांत सायटोकाइन, म्हणजे संदेश देणारी प्रथिनं, सोडतात. शिकलेल्या टी पेशीला पहिल्या भेटीत याला काही दिवस लागतात. 'जन्मजात वळण' म्हणतात ते हेच. ग्राही टी पेशीचा, स्वभाव मात्र जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा.

यांना चेतवणारा सगळ्यात प्रसिद्ध मेद अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड. त्याची गोष्ट सेमिनारमध्ये जरूर सांग, दुपारच्या सत्रात लोक जागे होतात. ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या अ‍ॅगेलस जातीच्या स्पंजात जपानच्या किरीन या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांना कर्करोगाविरुद्ध काम करणारे रेणू सापडले. त्यांच्यावरून हा रेणू घडवला. तो एनकेटी पेशींना सीडी१डीवरून दिसतो हे मासारु तानिगुची यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. स्पंजाचा आणि आपल्या प्रतिकारशक्तीचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर सांग की खऱ्या जंतूंतही या पेशींना दिसणारे मेद सापडले आहेत: स्फिंगोमोनास, लाइम रोगाचा बोरेलिया आणि २०११ मध्ये न्यूमोकॉकस.

२००८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या वाटेने हात धरून केलेली मदत सिद्ध केली. त्यातला एक प्रयोग तू फळ्यावर काढून दाखव. एनपी नावाचा एक छोटा रासायनिक रेणू घेतला. बी पेशी तो ओळखते, टी पेशीच्या दृष्टीने तो शून्य. तो अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइडला रासायनिक बंधाने जोडला आणि उंदरांना टोचला. यात प्रथिन नावालाही नाही, म्हणजे नेहमीच्या मदतनीस टी पेशीला बघायला काहीच नाही. तरीही एनपीविरुद्ध अँटीबॉडी आल्या, कारण एनपी ओळखणाऱ्या बी पेशीने जोडी गिळली, मेद सीडी१डीवर मांडला आणि एनकेटी पेशीने तिचा हात धरला. मिचिसनचीच अट, फक्त वाहक मेदाचा. दुसऱ्या गटाने बारीक कणांवर प्रथिन आणि हा मेद एकत्र चढवून हीच गोष्ट दाखवली. तुझ्या 'प्रथिनाविरुद्ध कसं' या शंकेचं उत्तर त्या कणात आहे: बी पेशीने प्रथिनाला धरून कण आत ओढला आणि मेद त्याच्याबरोबर आपोआप आत आला.

मग २००९ चा तो दुसरा पेपर, ज्याने तुझी झोप उडवली, तो खोटा का? नाही. त्यात प्रथिन आणि मेद जोडलेले नव्हते, नुसते मिसळून टोचले होते. तिथे बी पेशींवर सीडी१डी नसलं तरी अँटीबॉडी वाढल्या. मेद दाखवण्याचं काम डेंड्रायटिक पेशींनी, म्हणजे टी पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या वेगळ्या पेशींनी, केलं. एनकेटी पेशींनी त्यांना चेतवलं, चेतलेल्या डेंड्रायटिक पेशींनी नेहमीच्या सीडी४ टी पेशींना जास्त जोमाने तयार केलं, आणि बी पेशीचा हात शेवटी त्या सीडी४ पेशींनीच धरला. म्हणून त्या प्रयोगात बी पेशीवर एमएचसी वर्ग दोन लागतं आणि सीडी१डी लागत नाही. तुझ्या दोन पेपरांनी दोन वेगळ्या रस्त्यांचं वर्णन केलंय, इतकंच. पद्धतीच्या भागात 'जोडलेलं' की 'मिसळलेलं' हा एक शब्द शोधायचा होता.

स्मृतीचा प्रश्नही बराचसा इथेच सुटतो. बराचसा म्हणते, पूर्ण नाही. २०१२ मध्ये नेचर इम्युनॉलॉजीत आलेल्या दोन पेपरांनी दाखवलं की हात धरताना काही एनकेटी पेशी टीएफएचसारखाच वेष घेतात: सीएक्ससीआर५, पीडी-१, आत बीसीएल-६, बाहेर आयएल-२१. त्यांना एनकेटी-एफएच म्हणतात. त्यांच्या मदतीने अँटीबॉडी झटपट येतात, वर्गबदल (आयजीएमवरून आयजीजीसारख्या वर्गाकडे) होतो, जर्मिनल सेंटर, म्हणजे बी पेशी वाढून आपली पकड सुधारतात त्या जागाही उगवतात. पण ती सेंटर लवकर मावळतात, अँटीबॉडीची पकड बेताचीच सुधारते आणि टिकाऊ स्मृती मागे राहत नाही. लांबच्या रस्त्याने, म्हणजे सीडी४ पेशींमार्फत मदत मिळाली तर मात्र स्मृती चांगली बनते, कारण तिथे खरं काम टीएफएचचंच असतं.

हे चित्र मला आवडतं, पण सेमिनारमध्ये ते नियम म्हणून मांडू नकोस. २०१३ मध्ये न्यूमोकॉकसच्या कवचाची साखर आणि एनकेटीला चेतवणारा मेद एकाच लिपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पिशवीत) घालून उंदरांना दिला, तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटीबॉडी आणि स्मृती दोन्ही मिळाल्या, आणि तीही हात धरून केलेल्या मदतीतून. म्हणजे प्रतिजन कसा, किती आणि कोणत्या आवरणात दिला यावर बरंच काही ठरतं. परीक्षक नेमका इथे टोचतील. तेव्हा 'या दोन निकालांत फरक आहे आणि मांडणीतला फरक हा आहे' एवढं शांतपणे सांग. प्रश्न मिटवून टाकायची घाई करू नकोस.

सर म्हणतात ते अर्धं खरं आहे. उंदराच्या यकृतात लिम्फोसाइटपैकी मोठा हिस्सा, काही जातींत ३० टक्क्यांच्या आसपास, इनव्हेरियंट एनकेटींचा असतो. माणसाच्या रक्तात टी पेशींमध्ये त्या साधारण ०.०१ ते ०.१ टक्का भरतात आणि माणसामाणसांत प्रचंड फरक पडतो. म्हणून उंदराच्या यकृताचा आकडा माणसाच्या चित्राशेजारी टाकू नकोस. पण 'हे सगळं उंदरातलं' म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. एक तर २००३ मध्येच मानवी इनव्हेरियंट एनकेटी पेशींनी काचेच्या भांड्यात मानवी बी पेशींना मदत केल्याचं दाखवलं गेलंय. आणि दुसरं, उंदरांतलाही एक प्रयोग असा आहे ज्यात स्पंजाचा मेद मुळीच वापरला नाही. २०१८ मध्ये सेल नियतकालिकात आलेलं ते इन्फ्लुएंझाचं काम. खरा विषाणू, खरा संसर्ग. लसीका ग्रंथीत बी पेशींच्या फॉलिकलच्या, म्हणजे वस्तीच्या, अगदी कडेला एनकेटी पेशी उभ्या असतात. तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना सीडी१डी आणि आयएल-१८ मार्फत इशारा देतात. टीएफएच अजून तयार व्हायच्या असतात, तेवढ्यात एनकेटी पेशी आयएल-४ ची पहिली लाट सोडतात आणि त्या लाटेवर जर्मिनल सेंटरची पेरणी होते. झिकाने बाधित माकडांतही अशीच खूण दिसली. मला विचारशील तर सेमिनारचा कणा हाच पेपर असावा. कारण इथे प्रश्न 'टीएफएच की एनकेटी' असा उरतच नाही. एक आधी येते, दुसरी नंतर. सरांना दाखव, त्यांच्या टीएफएचचा मान अबाधित आहे.

वीस मिनिटांत तू जन्मजात वळणाच्या तिन्ही जमाती, म्हणजे एनकेटी, गॅमा-डेल्टा आणि मेट, घेणार असशील तर कात्री लाव. गॅमा-डेल्टा पेशींना एकच स्लाइड दे: ज्या उंदरांत अल्फा-बीटा टी पेशी नाहीतच त्यांच्यातही जर्मिनल सेंटर आणि वर्गबदल झालेल्या अँटीबॉडी दिसतात, त्यात स्वतःच्याच शरीराविरुद्धच्याही असतात, हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. माणसातल्या व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ पेशी प्रयोगशाळेत बी पेशींना मदत करतात. तेवढं पुरे.

मेट पेशींना मात्र जरा जास्त जागा दे, कारण त्या माणसात भरपूर आहेत. रक्तातल्या टी पेशींत साधारण १ ते १० टक्के, यकृतात त्याहून खूप जास्त. त्यांना एमआर१ या रेणूवर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, बनवताना तयार होणारे मधले पदार्थ दिसतात. आपण ते जीवनसत्त्व खातो, बनवत नाही. पुष्कळ जीवाणू बनवतात. म्हणजे हा पदार्थ दिसला की जवळपास जीवाणू आहे. ढाक्याच्या कॉलरा रुग्णांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजारपणात मेट पेशी चेतलेल्या आढळल्या, आणि त्यांच्यातल्या बदलाचा संबंध जंतूच्या लिपोपॉलिसॅकराइडविरुद्धच्या आयजीए आणि आयजीजीशी लागला, आयजीएमशी नाही. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ते शब्द तुझ्या स्लाइडवर तसेच दिसू देत. नंतर २०२२ मध्ये मेट पेशींचा टीएफएचसारखा उपगट मांडला गेला. तो श्लेष्मल पडद्याच्या भागात अँटीबॉडीला हातभार लावतो.

आणि एक सापळा आधीच दाखवून ठेवते. तुला कुठेतरी वाचायला मिळेल की कोव्हिशील्ड, म्हणजे ऑक्सफर्डची आणि आपल्या पुण्यात बनलेली चिंपांझी-अ‍ॅडिनोव्हायरसची लस, मेट पेशींना चेतवते. पुण्याचं नाव आलं की स्लाइडवर टाकायचा मोह होणारच. २०२१ चं सायन्समधलं ते काम खरं आहे, पण त्यात मेट पेशी नसलेल्या उंदरांत कमी पडला तो सीडी८ टी पेशींचा, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद. तुझा विषय अँटीबॉडीचा आहे. टाकायचंच असेल तर एवढा फरक तोंडाने सांग, नाहीतर वगळ.

परीक्षकांचा आणखी एक लाडका प्रश्न: 'एनकेटी नसलेला उंदीर' म्हणजे नक्की कोणता? सीडी१डी काढलेल्या उंदरात इनव्हेरियंटबरोबर दुसऱ्या प्रकारच्या एनकेटी पेशीही जातात. जे-अल्फा-१८ काढलेला जुना उंदीर फक्त इनव्हेरियंट गेलेला समजला जायचा. २०१२ मध्ये कळलं की त्यात इतरही पुष्कळ जे-अल्फा खंडांचा वापर बिघडलेला आहे, म्हणजे त्याच्या सगळ्या टी पेशींची विविधताच घटलेली. नंतर नव्याने नीट उंदीर बनवले गेले. जुन्या पेपरातला निकाल सांगताना उंदीर कोणता हे पाहून ठेव. हे उत्तर तयार असेल तर परीक्षक पुढचे दोन प्रश्न विचारत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

माणसांतल्या आजारांचा पुरावा देताना अशीच सावधगिरी हवी. एसएपी प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या मुलांत इनव्हेरियंट एनकेटी जवळजवळ नसतातच आणि अनेकांत अँटीबॉडी कमी असतात. वाटतं, सापडला पुरावा! पण एसएपी टीएफएचलाही लागतं. त्यामुळे दोष कुणाचा ते या आजारावरून वेगळं काढता येत नाही.

पीएचडीबद्दल. विषय आवडला म्हणून पीएचडी घ्यावी या मताची मी नाही. सोबत यंत्र, नमुने आणि शिकवणारं माणूस आहे का ते आधी बघ. या पेशी विरळ आहेत, म्हणून पेशी मोजणाऱ्या चांगल्या फ्लो सायटोमीटरशिवाय आणि या पेशी ओळखून खूण करणाऱ्या सीडी१डी किंवा एमआर१ टेट्रॅमरशिवाय हालचाल करता येत नाही. टेट्रॅमर अमेरिकेतल्या एनआयएचच्या केंद्राकडून मागवता येतात, त्यासाठी मार्गदर्शकाच्या नावाने अर्ज लागतो. माणसातलं काम करायचं असेल तर मेट किंवा गॅमा-डेल्टा निवड, रक्ताच्या छोट्या नमुन्यातही त्या हाताला लागतात. आणि ज्या मार्गदर्शकाची कान-नाक-घसा विभागाशी ओळख आहे त्याला प्राधान्य दे. शस्त्रक्रियेत काढलेले टॉन्सिल म्हणजे जर्मिनल सेंटरांनी गच्च भरलेला मानवी नमुना, आणि नैतिक समितीची परवानगी घेतली की तो अभ्यासाला वापरता येतो. महाराष्ट्रातच बघायचं तर पुण्यात एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने गॅमा-डेल्टा पेशींवर कर्करोगाच्या अंगाने दीर्घकाळ काम केलं आहे. ते पेपर वाचलेस तर इथल्या परिस्थितीत असं काम कसं उभं राहतं याचा अंदाज येईल. नेट-जेआरएफ आधी देऊन टाक. शिष्यवृत्ती हातात असली की मार्गदर्शक निवडताना तुझं पारडं जड राहतं.

राहिले बाबा. त्यांना सांग, आजच्या जोड-लशींना वाहक म्हणून प्रथिन लागतं. टिटॅनस टॉक्सॉइडसारखी तीच ती दोन-चार प्रथिनं सगळीकडे वापरली जातात. वाहक म्हणून मेद वापरून दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस पेशींना बोलावता आलं तर लस बनवणाऱ्यांच्या हातात आणखी एक मार्ग येईल. उंदरांत तो चालतो, माणसांच्या लशीत अजून आलेला नाही. स्पंजाच्या मेदाचा मोकळा डोस पुन्हा पुन्हा दिला तर एनकेटी पेशी सुस्त होतात, ही एक मोठी अडचण आहेच. आणि बाबांनी 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' गोळ्यांबद्दल विचारलं, तर बी-२ ची गोळी खाल्ल्याने मेट पेशी अँटीबॉडीला जास्त मदत करू लागतात असा अर्थ यातून काढू नका म्हणावं. त्या पेशींना दिसतात ते जीवाणूच्या कारखान्यातले अर्धवट पदार्थ. तयार जीवनसत्त्व त्यांना चेतवत नाही.

सेमिनारचा क्रम असा ठेव: टायफॉइडची लस, मग एनपी आणि मेदाची जोडी, मग 'मिसळलेलं' वालं काम, मग इन्फ्लुएंझा, आणि वेळ उरला तर ढाका. स्मृतीवरचा वाद इन्फ्लुएंझाच्या आधी घे, नंतर घेतलास तर घड्याळ संपलेलं असेल. सरांना स्लाइड दोन दिवस आधी दाखव.